श्रीयुत बेर्तँ यांचे व्यक्तिचित्र

लूव्र संग्रहालयातील एका चित्राच्या प्रतिकृतीपुढे आम्ही नेहमी थबकतो. खुर्चीत बसलेले एक स्थूल, वयस्क गृहस्थ. केस विस्कटलेले, डोळे रोखलेले आणि दोन्ही हात मांड्यांवर असे घट्ट टेकलेले की, बोटे एखाद्या पक्ष्याच्या नख्यांसारखी भासावीत! खुर्चीच्या लाकडावर खिडकीचा उजेडही चमकतो. हे बेर्तँ, ‘जुर्नाल दे देबा’ या पॅरिसमधील वृत्तपत्राचे चालक. नेपोलियनच्या अमलात त्यांनी हद्दपारी सोसली होती. 1832 साली आँग्रने त्यांचे हे चित्र रंगविले, तेव्हा त्यांचे वय 66 होते.

आँग्रला व्यक्तिचित्रे काढणे मनापासून आवडत नसे. रोममध्ये हलाखीच्या दिवसांत पर्यटकांची पेन्सिलचित्रे काढून त्याने संसार चालविला. पण स्वतःला तो मानी इतिहास-चित्रकार. माँतोबाँच्या कथीड्रलसाठी काढलेल्या वेदीचित्रामुळे 1824 मध्ये त्याचे नाव झाले होते. बेर्तँ यांची बैठक मात्र काही केल्या साधेना. हताश होऊन तो त्यांच्यादेखत रडला आणि त्यांनीच त्याची समजूत काढली, असे सांगतात. पुढे एकदा वादविवाद ऐकत ते असे ठाण मांडून बसलेले दिसले आणि चित्र सापडले! 1833 च्या सलोंमध्ये ते गाजले. रंगांना काहींनी नावे ठेवली. लेकीलाही म्हणे ते रुचले नाही. घरंदाज वडील तिला त्यात एखाद्या गबर शेतकऱ्यासारखे वाटले.

आँग्रचा जीव मात्र दुसऱ्याच चित्रात गुंतला होता. ओतँच्या कथीड्रलसाठी संत सिम्फोरियनच्या रक्तसाक्ष्याचे विशाल चित्र तो कित्येक वर्षे घडवीत होता. वधस्थळी निघालेला तरुण संत आणि तटावरून हात पसरून त्याला धीर देणारी आई, असा तो प्रसंग. 1834 मध्ये ते प्रदर्शनात आले आणि टीकाकार तुटून पडले. सैनिकांचे फुगलेले स्नायू तर थट्टेचा विषय ठरले. आमच्या मते ही टीका अतिरेकी होती. त्या मातेची आकृती तरी विसरण्याजोगी नाही. आँग्र इतका दुखावला की, सलोंमध्ये पुन्हा चित्र ठेवायचे नाही, असे त्याने ठरविले आणि ते पाळलेही. फ्रेंच अकादमीचा संचालक होऊन तो रोमला निघून गेला व 1841 पर्यंत तिथेच राहिला.

बेर्तँ यांचे चित्र 1897 मध्ये लूव्रमध्ये आले. संत सिम्फोरियन आजही ओतँच्याच कथीड्रलमध्ये आहे.