खोट्या दरीची खरी फळी : आभासी खेळांतील हातांचा इतिहास

१/
आभासी जगाचा इतिहास बहुधा डोळ्यांच्या अंगाने सांगितला जातो : पडदा किती मोठा, चित्र किती स्पष्ट. त्या जगात हाताने काय धरायचे, हा प्रश्न मागेच राहतो. शरीराच्या हालचाली टिपणाऱ्या खेळांचे यशापयश मात्र अनेकदा याच प्रश्नावर ठरले. हा धागा त्या इतिहासाचा.

२/
१९८९ साली मॅटेल कंपनीने निन्टेंडोच्या खेळयंत्रासाठी 'पॉवर ग्लव्ह' हा हातमोजा अमेरिकेत विक्रीस आणला. त्याचा पूर्वज म्हणजे व्हीपीएल कंपनीचा 'डेटाग्लव्ह'. त्यात बोटांचा बाक प्रकाशतंतूंनी मोजला जाई आणि त्याची किंमत हजारो डॉलरच्या घरात होती. स्वस्त आवृत्तीत तंतूंच्या जागी विद्युतवाहक शाईच्या लवचीक पट्ट्या आल्या.

३/
हातमोजा खपला, पण रुजला नाही. मोजमाप ढोबळ होते. खास त्याच्यासाठी रचलेले खेळ जेमतेम दोन निघाले. शिवाय एक उणीव मूलभूत होती. पडद्यावर मूठ वळली तरी खऱ्या मुठीत काहीच नसे. आधाराविना अधांतरी धरलेला हात लवकरच भरून येतो आणि नेम चुकू लागतो.

४/
यावर एक उत्तर खेळांच्या बाहेरून आले. १९९४ साली व्हर्जिनिया विद्यापीठात केन हिंक्ली आणि सहकाऱ्यांनी मेंदूच्या शस्त्रक्रियांचे नियोजन करणाऱ्या शल्यविशारदांसाठी एक साधन मांडले. एका हातात बाहुलीचे डोके, दुसऱ्या हातात पारदर्शक प्लास्टिकची पट्टी. दोन्हींत स्थान आणि दिशा कळवणारे संवेदक. डोके फिरवले की पडद्यावर रुग्णाचा मेंदू फिरे. पट्टी टेकवली की तिथला छेद दिसे.

५/
या वस्तूंत ना मोटर होती, ना कंप. तरीही शल्यविशारदांना त्या वापरायला फारसे शिकवावे लागले नाही. एक हात डोके धरून ठेवतो, दुसरा त्याच्या आधाराने पट्टी नेमकी नेतो. नारळ खवताना वा सुईत दोरा ओवताना माणूस हेच करतो. आपले दोन हात एकमेकांच्या संदर्भाने कुठे आहेत, हे डोळे मिटूनही कळते.

६/
२००० साली डिस्नेच्या ऑरलँडो येथील 'डिस्नेक्वेस्ट' केंद्रात चाच्यांवरचा एक खेळ सुरू झाला. हलत्या डेकवर चौघे उभे राहत : एकाच्या हाती सुकाणूचे चाक, उरलेल्या तिघांकडे तोफा. पाहुण्यांजवळ काही मिनिटेच असत; सूचना वाचायला सवड कुठली? चाक पाहताच ते फिरवायचे हे कळे. वस्तूचा आकार हीच तिची सूचना होती.

७/
हे सारे अनुभवाने माहीत होते. मोजले गेले नव्हते. २००१ साली नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात ब्रेंट इन्स्को यांनी प्रबंधासाठी ते मोजले. प्रयोगातल्या व्यक्तीला डोक्यावरच्या पडद्यातून पायांपुढे सुमारे २० फूट खोल खड्डा दिसे. खऱ्या जमिनीवर, त्या कडेच्या जागी, फक्त दीड इंच उंचीची लाकडी फळी ठेवली होती.

८/
बोटे फळीच्या कडेबाहेर गेली की हृदयाचे ठोके आणि त्वचेची विद्युतवाहकता, दोन्ही फळीविना केलेल्या प्रयोगापेक्षा अधिक वाढत. दुसऱ्या प्रयोगात काहींनी आभासी चक्रव्यूहाचा सराव खऱ्या फोमच्या भिंतींसह केला, काहींनी भिंतींविना. नंतर डोळे बांधून खऱ्या चक्रव्यूहात सोडल्यावर पहिला गट कमी धडकला.

९/
शरीराचा हा विश्वास उलटूही शकतो. २००६ च्या अखेरीस निन्टेंडोचा 'वी' आला. हातातला दांडा कधी रॅकेट होई, कधी तलवार. खेळाडू इतके रंगले की दांडे हातातून निसटले, मनगटाचे पट्टे तुटले, घरातल्या वस्तू फुटल्या. डिसेंबरमध्ये कंपनीने सुमारे ३२ लाख पट्टे बदलून देण्याचे जाहीर केले. पुढच्या वर्षी दांड्यासाठी मऊ सिलिकॉनचे आवरण मोफत दिले.

१०/
म्हणजे एका टोकाला रिकामी मूठ, जिच्यावर शरीर विश्वासच ठेवत नाही. दुसऱ्या टोकाला दांडा, ज्यावर ते गरजेपेक्षा जास्त ठेवते. आभासी तलवारीची मूठ घडवणाऱ्याला म्हणून दोन हिशेब मांडावे लागतात : हाताला ती तलवार वाटेल इतके वजन कुठे ठेवायचे, आणि ती खरीच वाटली तर शेजारी उभ्या माणसाचे काय. इन्स्को यांची फळी दीडच इंच उंच होती. तिथून पाय घसरला तरी कुणाला इजा होण्याची भीती नव्हती.