सेवेचा गौरव आणि सेवेचा भार

२१ एप्रिल २०२१ रोजी नाशिक महापालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीतून गळती होऊन पुरवठा खंडित झाला. त्या दिवशी २२ रुग्ण दगावले. आप्तांचा आक्रोश साऱ्या महाराष्ट्राने ऐकला. त्याच कक्षांत परिचारिका, डॉक्टर आणि कक्षसेवकही होते; त्यांच्याविषयी मात्र फारसे कोणी बोलले नाही. टाकीची देखभाल हे त्यांचे काम नव्हते, पण गुदमरणारा रुग्ण त्यांच्याच डोळ्यांपुढे होता. साथीच्या काळातील आरोग्यसेवकांच्या मानसिक ताणाचे मूळ आम्हांस येथेच दिसते. जबाबदारी त्यांच्या पदरी, साधने मात्र दुसऱ्याच्या हाती!

हा प्रकार नवा नव्हे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला व पुढे सर्वत्र पसरला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी इंग्रज सरकारने साथरोग कायदा केला. कायद्यानुसार काम करणाऱ्यांवर दावा लावता येणार नाही, अशी तरतूद त्यात होती. पण रुग्णाला उचलणाऱ्या हातांच्या सुरक्षेविषयी अवाक्षर नव्हते. त्याच वर्षी १० मार्चला, पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना त्याच रोगाने सावित्रीबाई फुले यांचे देहावसान झाले. त्यांच्या त्यागापुढे आपण आजही नतमस्तक होतो. आरोग्यसेवकांवर हल्ला करणाऱ्यास कठोर शिक्षेची तरतूद मात्र या कायद्यात २२ एप्रिल २०२० च्या अध्यादेशाने आली. मध्ये तब्बल १२३ वर्षे लोटली होती.

त्याच्या बरोबर एक महिना आधी, २२ मार्च २०२० रोजी, देशाने दारांत उभे राहून टाळ्या वाजविल्या. त्या मनापासूनच्या होत्या, यात शंका नाही. परंतु टाळ्यांनी कामाचे तास कमी झाले नाहीत. संरक्षक पोशाखात पाण्याचा घोटही न घेता तासन्‌तास उभे राहणे, अपुरे मनुष्यबळ, कंत्राटी नोकरीची टांगती तलवार, नातेवाइकांचा रोष आणि घरच्यांना लागण होईल ही धास्ती, हे सारे तसेच राहिले.

सप्टेंबर २०२० मध्ये सुरू झालेल्या ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ या मोहिमेत आशा सेविका दारोदार फिरल्या. त्यांची गणना ‘स्वयंसेविका’ अशी, म्हणून वेतन नाही, केवळ मोबदला. अखेर जून २०२१ मध्ये राज्यभरातील आशांना संप करावा लागला, तेव्हा कोठे मोबदल्यात वाढ मिळाली. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा गौरव केला. गौरव आला, पण हक्काचे वेतन मिळाले नाही.

त्यागाची स्तुती करताना आपण नकळत व्यवस्थेचे दोष झाकतो, असे आम्हांस वाटते. मन कणखर करण्याचा उपदेश सोपा असतो. पुरेशी माणसे नेमणे, विश्रांतीची वेळ ठरविणे आणि साधनांची वेळीच तपासणी करणे कठीण असते. आपल्या धर्मग्रामातही परिचारिका असलेल्या लेकीसुना आहेत. त्यांना ‘देवदूत’ म्हणण्यापूर्वी, आज जेवायला वेळ मिळाला का, एवढे तरी आपण विचारू या.