औंध संस्थानची राज्यघटना (१९३९)

औंधचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) यांनी स्वेच्छेने प्रजेच्या हाती कारभार सोपवणारी घटना. अंमल २१ जानेवारी १९३९ पासून. संस्थानाचे क्षेत्र सुमारे ५०० चौ. मैल आणि लोकसंख्या १९३१ च्या गणनेनुसार सुमारे ७६ हजार होती. मुलूख सलग नव्हता. औंध व कुंडल हे भाग सातारा जिल्ह्याने वेढलेले, गुणदाळ विजापूरकडे, तर माणगंगेच्या खोऱ्यातील आटपाडी सोलापूर जिल्ह्याच्या सांगोले तालुक्याला भिडलेली. सोलापूरच्या वाचकाला ही घटना जवळची आहे ती आटपाडीमुळे. म्हणून या नोंदीत त्या भागाला झुकते माप दिले आहे.

घडण : बाळासाहेबांचे पुत्र, बॅरिस्टर अप्पासाहेब पंत आणि बंगलोरच्या सरकारी कारखान्यातील नोकरी सोडून आलेले पोलिश अभियंते मॉरिस फ्रीडमन ऊर्फ भारतानंद यांनी मसुद्यासाठी पुढाकार घेतला. सेवाग्रामला गांधीजींशी सल्लामसलत झाली. मसुद्यात कोणाचा वाटा किती, याबाबत आठवणींत एकवाक्यता नाही. मताधिकारासाठी साक्षरतेची अट मात्र गांधीजींच्या आग्रहाने आली. ती कठोर होती, आणि तिच्यामुळे निरक्षर शेतकरी सुरुवातीला मतदानाबाहेर राहिला, हे नोंदवलेच पाहिजे. प्रौढांना अक्षरओळख करून देणे त्यामुळे शिक्षणखात्यापुरते न राहता राज्यकारभाराचेच काम बनले.

रचना : गावाने पाच पंच निवडायचे, पंचायतींच्या प्रतिनिधींतून तालुका मंडळ व त्यातून विधिमंडळ. राजाच्या खासगी खर्चावर मर्यादा. गावपातळीवरील लहानसहान तंटे गावातच मिटवण्यावर भर.

शेजारचा ब्रिटिश मुलूख : या घटनेचे मोल सीमेपलीकडे पाहिल्यावर कळते. मुंबई प्रांतात १९३५ च्या कायद्याने मताचा हक्क मुख्यतः मालमत्ता, कर आणि शिक्षण यांवर ठरत असे. १९३७ मध्ये बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ आले. दुसऱ्या महायुद्धात भारताला परस्पर ओढल्याच्या निषेधार्थ ते नोव्हेंबर १९३९ मध्ये पायउतार झाले. तेव्हापासून १९४६ पर्यंत प्रांतात गव्हर्नरची राजवट होती. म्हणजे सांगोल्याच्या शेतकऱ्याला प्रांतात लोकनियुक्त सरकार उरले नव्हते, त्याच काळात शेजारच्या आटपाडीत पंचायतीतून विधिमंडळापर्यंत जाणारी वाट खुली होती. ज्या सोलापूर शहराने १९३० च्या मे-जूनमध्ये लष्करी कायदा सोसला, त्याच्या जिल्ह्याच्या वेशीवरची ही गोष्ट आहे. संस्थाने म्हणजे मागासलेपण, हे सरसकट गृहीत धरणाऱ्या इतिहासलेखनाने तिची पुरेशी दखल घेतलेली नाही.

स्वतंत्रपूर : आटपाडीजवळ १९३९ मध्ये सुरू झालेली कैद्यांची खुली वसाहत. तिच्या कल्पनेचे श्रेय फ्रीडमन यांना दिले जाते. जन्मठेपेचे कैदी येथे तटबंदीशिवाय, कुटुंबासह राहत आणि शेती करत. दुष्काळी माणदेशात जमीन कसायला देणे हीच मोठ्या विश्वासाची खूण होती. आटपाडी भागातील माडगूळचे ग. दि. माडगूळकर यांनी लिहिलेल्या आणि व्ही. शांताराम यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) या चित्रपटामागे हीच वसाहत होती. माडगूळकरांचे बंधू व्यंकटेश यांच्या ‘बनगरवाडी’ (१९५५) या कादंबरीला औंध संस्थानातील धनगर वस्तीची पार्श्वभूमी आहे. तालमीच्या निमित्ताने वस्तीवर येणारा राजा तीत भेटतो. बाळासाहेब पंतप्रतिनिधींचे सूर्यनमस्कारांचे वेड सर्वज्ञात असल्याने हा प्रसंग संस्थानी वाचकाला ओळखीचा वाटला असणार.

नंतरचे राजकारण : १९४२ नंतर साताऱ्यातील प्रतिसरकारच्या कार्यकर्त्यांना औंधच्या हद्दीत आसरा मिळत असे. प्रतिसरकारमधील क्रांतिवीर जी. डी. बापू लाड यांचे कुंडल हे संस्थानातलेच गाव. दरबाराने जाणीवपूर्वक काणाडोळा केला की ब्रिटिश पोलिसांच्या हद्दीच्या अडचणीचा आपसूक फायदा झाला, यावर मते भिन्न आहेत.



विलीनीकरण : ८ मार्च १९४८ रोजी अक्कलकोट व इतर दक्षिणी संस्थानांबरोबर औंध मुंबई प्रांतात विलीन झाले. अप्पासाहेब पंत त्याच वर्षी भारताचे आयुक्त म्हणून पूर्व आफ्रिकेत गेले. अक्कलकोट सोलापूर जिल्ह्यात आले. औंध गाव सातारा जिल्ह्यात राहिले. आटपाडी व कुंडल आज सांगली जिल्ह्यात आहेत.