वाऱ्यावर जगवलेला सरडा

शॅमेलिऑन नुसत्या हवेवर जगतो, असे रोमन लेखक प्लिनीने पहिल्या शतकात लिहून ठेवले आणि युरोपने ते शतकानुशतके खरे मानले. पॅरिसमध्ये क्लोद पेरोने 1669 साली या प्राण्याचे शवविच्छेदन करून वर्णन छापले. त्याच शहरात कादंबरीकार मादलेन द स्क्युदेरीने 1670च्या दशकात शॅमेलिऑन पाळून जवळून न्याहाळले.

पाळणाऱ्यांची पुढची चूक उलटी झाली: हवेवर उपाशी ठेवण्याऐवजी घशाखाली न उतरणारे भक्ष्य देणे. किडा शॅमेलिऑनच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नसावा, हा पाळणाऱ्यांचा जुना दंडक म्हणूनच मोलाचा. तोंडात पाणी ओतणे तर घातकच, ते श्वासनलिकेत जाऊ शकते. हा प्राणी पानांवरचे थेंब टिपतो.

तोंड उघडे, मान ताणलेली, गिळण्याची वारंवार धडपड, ही घास अडकल्याची खूण असू शकते. उकाड्यात किंवा फुप्फुसाच्या संसर्गातही तो आ वासतो, तेव्हा पशुवैद्यच गाठावा.

पाण्याची आबाळ प्रवासातही होते: 1972मध्ये केनियातून हवाईतल्या एका दुकानदाराकडे आलेले कित्येक शॅमेलिऑन प्रवासात वाळून गेले होते. त्याने सावरण्यासाठी ते बागेत सोडले. त्यांचे वंशज आजही तिथे आहेत.

आपल्याकडचा शॅमेलिऑन, म्हणजे घोयरा सरडा, मात्र कायद्याने संरक्षित आहे. तो पाळताच येत नाही.