ओव्याच्या फुलातला धूर

सासूबाईंना अमृतधारा घरीच करायची होती. कापूर, पुदिन्याचं फूल घरात होतं. ओव्याचं फूल आणायला मी दिल्लीच्या खारी बावलीत गेलो. दुकानदाराने 'सत अजवायन' म्हणून डबी पुढे केली. डबीवर नाव होतं थायमॉल. मला एकदम मुलीच्या जीवशास्त्राच्या पुस्तकातलं, डीएनएमधलं थायमिन आठवलं. (बी-१ जीवनसत्त्व नव्हे, ते थायामिन, त्याचं कूळ गंधकाचं.)

थायमॉल कास्पर नॉयमानने १७१९ मध्ये थाइम या वनस्पतीच्या तेलातून काढलं. तेच आपल्या ओव्यातही असतं. थायमिन आल्ब्रेख्त कोसेल आणि आल्बर्ट नॉयमान यांनी १८९३ मध्ये वासराच्या थायमस ग्रंथीतून मिळवलं. दोन्ही कामं बर्लिनची, दोन्हींत एक नॉयमान!

पण ग्रंथीला थायमस का म्हणायचं? एक मत असं, की ती थाइमच्या पानासारखी दिसते. दुसरं मत चामखिळीचं, कारण ग्रीकमध्ये तिचंही नाव असंच आहे. तिसरं मत 'थुमॉस' म्हणजे मन, आवेश. ग्रंथी हृदयापाशीच असते. माझा कौल तिसऱ्याला, कारण हा थुमॉस आपल्या संस्कृत 'धूम'चा सख्खा भाऊ. पहिलं मत खरं ठरलं तरी माझं बिघडत नाही. थाइमचं नाव होमात जाळण्याच्या क्रियापदावरून आलं असं मानतात, म्हणजे पुन्हा धूरच. राहिली चामखीळ. तिचं नाव थाइमच्या फुलाच्या रंगावरून पडलं, असं रोमन लेखक सेल्सस सांगतो. तिन्ही वाटा धुराकडेच जातात, निदान मला तरी तसं दिसतं.

आता थायमिनचं घराणं पाहा: पिरिमिडीन. आडॉल्फ पिनरने १८८५ मध्ये पिरिडीन आणि अमिडीन जोडून हे नाव केलं; पिरिडीनमधलं 'पिर' म्हणजे ग्रीक अग्नी. धूर दिसला की आग असणार, हे आपल्या नैयायिकांचं लाडकं अनुमान रसायनशास्त्रात असं भेटलं!

ही आग शरीरात विझवतं डीपीडी नावाचं विकर. ते थायमिन आणि त्याच घराण्यातलं युरॅसिल मोडतं. जन्मतः ते फारच कमी असलं, तर दोन्ही लघवीत उतरतात. काही मुलांना झटके येतात, काहींना आयुष्यभर काही जाणवत नाही. गाठ पडते ती कर्करोगाच्या उपचारात. १९५७ मध्ये पुढे आलेलं फ्लुओरोयुरॅसिल हे औषध म्हणजे युरॅसिलचीच नक्कल. विकर अपुरं असेल तर औषध मोडत नाही, अंगात साचतं; तोंड सोलवटतं, पांढऱ्या पेशी कोसळतात, जीवही जाऊ शकतो. म्हणून युरोपच्या औषध नियामकाने २०२० मध्ये आधी तपासणी करण्याची शिफारस केली.

घरात कुणाला हे औषध किंवा त्याची गोळी, कॅपेसिटाबिन, सुरू होणार असेल, तर पहिल्या डोसाआधी डॉक्टरांना डीपीडीच्या तपासणीबद्दल जरूर विचारा.