जर-तरचा जुना वाद

मागच्या वेळी आपण सत्यता-कोष्टक मांडायला शिकलो. दोन विधानांचे शेवटचे रकाने ओळीओळीने जुळले, की ती विधानं सममूल्य. 'जर प तर फ' आणि 'प नाही किंवा फ आहे' ही अशीच जोडी. कोष्टक जुळतं, पण मन अडखळतं. हे अडखळणं सुमारे २३०० वर्षं जुनं आहे.

ख्रिस्तपूर्व ३०० च्या आसपास ग्रीसमध्ये डायोडोरस क्रोनस आणि त्याचा शिष्य फिलो यांचं याच 'जर-तर'वर जमलं नाही. फिलो म्हणे, पूर्वांग खरं आणि उत्तरांग खोटं असेल तेव्हाच असं विधान खोटं. बाकी तिन्ही वेळी खरं. सेक्स्टस एम्पिरिकसने यातलं एक उदाहरण नोंदवलं आहे: 'जर दिवस असेल, तर मी बोलतो आहे.' दिवस आहे, बोलणंही चालू आहे. फिलोच्या मते विधान खरं. डायोडोरसला हे पटेना. दिवस असूनही बोलणारा गप्प बसू शकतो की! पूर्वांग खरं आणि उत्तरांग खोटं असं कधी शक्य नव्हतं आणि आजही नाही, तरच ते विधान खरं. हा वाद इतका गाजला, की कॅलिमाकस कवीनेही त्याची थट्टा केली.

१८७९ मध्ये फ्रेगेने फिलोचाच अर्थ घेतला: चार शक्यतांपैकी एक नाकारायची. दोन्ही विधानांत कार्यकारणसंबंध हवाच, असा आग्रह त्याने धरला नाही. १९२१ मध्ये विटगेन्स्टाइन आणि एमिल पोस्ट यांच्या लेखनातून कोष्टकं पुढे आली. त्याआधीच, १९१८ च्या ग्रंथात, सी. आय. लुईसने तक्रार मांडली होती: खोट्या पूर्वांगातून काहीही निघतं, हे कसं चालेल? डायोडोरसची शंका नव्या वेषात परतली होती.

मग आपण फिलोच्या बाजूने का राहतो? 'पाऊस आला तर सामना रद्द' असं कुणी सांगितलं. पाऊस आला नाही, पण दुसऱ्याच कारणाने सामना रद्द झाला. सांगणारा खोटा पडला का? नाही. तो खोटा पडेल फक्त पाऊस येऊनही सामना झाला तर. सिद्धतेला एवढीच हमी लागते, की खऱ्यावरून खोट्यावर जाणं होणार नाही.

म्हणून सममूल्यतेचा दावा नीट ओळखू या. दोन्ही विधानं सर्व शक्यतांत एकत्र खरी वा एकत्र खोटी ठरतात, एवढंच ती सांगते. बोलण्यातले सगळे अर्थ एकच आहेत, असं ती म्हणत नाही.