‘इन्क्लूडिंग’

मी चंद्रपूरचा म्हटलं की ऑफिसात पहिला प्रश्न वाघाचा, दुसरा नक्षलवाद्यांचा. भद्रावतीत आयुध निर्माणी आहे, कोळशाच्या खाणी आहेत, हे सांगेपर्यंत समोरच्याचा चहा संपलेला असतो. ‘तुमच्याकडे सगळे आदिवासीच ना?’ असंही एकाने विचारलं. मला राग नाही आला, शाळेतला मित्र आठवला. असल्याच सरसकटीकरणाची फाइल त्याच्या घरी कपाटात आहे.

तो माना. माना ही चांदा भागातली जुनी, शेती करणारी जमात. गोंड राजांच्या आधी इथे आपलं राज्य होतं, असं माना लोक सांगतात. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या ग्रंथात गोंडांवर वेगळं प्रकरण आहे, मानांवर वेगळं. तरी १९५६ च्या अनुसूचित जमातींच्या यादीत नोंद झाली ती अशी: ‘गोंड, इन्क्लूडिंग’, आणि पुढे आरख, असुर, माडिया, माना अशी लांबलचक माळ.

कोड लिहिणाऱ्याला हा शब्द लगेच टोचतो. इन्क्लूडिंग म्हणजे पुढचे सगळे गोंडांचे सबसेट. गोंडांपैकी माना असाल तर आत, नुसते माना असाल तर बाहेर. आरमोरी मतदारसंघाच्या निवडणुकीवरून झालेल्या खटल्यात १९६८ साली सुप्रीम कोर्टाने हाच अर्थ लावला.

त्यात पुन्हा ही नोंद चांदा जिल्ह्यातल्या फक्त गडचिरोली आणि सिरोंचा तहसिलींना लागू. भद्रावती तेव्हा वरोरा तहसिलीत. म्हणजे माना सोडाच, इथल्या अस्सल गोंडालाही कागदावर जमात नव्हती. जंगल तेच, देव तेच, तहसील वेगळी.

१९७६ च्या दुरुस्तीने तहसिलीची अट गेली आणि ‘इन्क्लूडिंग’ही गेला. उरले नुसते स्वल्पविराम. त्यांचा अर्थ लागायला तीस वर्षं गेली. माना ही गोंडांची पोटजमात नाही, स्वतंत्र जमात आहे, हे सुप्रीम कोर्टाने मार्च २००६ मध्ये सांगितलं.

गोवाऱ्यांच्या वाट्याला स्वल्पविरामही आला नाही. त्याच यादीत ‘गोंड गोवारी’ असं सलग छापलंय. आम्ही तेच, असं सांगायला ते २३ नोव्हेंबर १९९४ ला नागपुरात विधिमंडळावर मोर्चा घेऊन गेले. चेंगराचेंगरीत ११४ जण मेले, त्यांत बाया आणि लेकरं जास्त. २०१८ मध्ये हायकोर्टाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. डिसेंबर २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने तो फिरवला: गोंड गोवारी वेगळे, गोवारी वेगळे.

मित्राचं प्रकरण मात्र २००६ नंतरचं. इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला आणि व्हॅलिडिटीसाठी त्याला समितीपुढे बोलावलं. कुलदैवत कोणतं? लग्नात काय काय करता? नाच कोणता? नागदिवाळी त्याला बरोबर सांगता आली, घरी दरवर्षी होते. बाकी गडबडला. बाप खाणीत शिफ्ट करणारा, पोरगा क्वार्टरमध्ये वाढलेला. लग्नात डीजे असतो, हे खरं उत्तर त्याने दिलंच नाही. दिलं असतं तरी काय झालं असतं म्हणा.

या प्रकाराला ‘आप्तभाव चाचणी’ म्हणतात. शितावरून भाताची परीक्षा आपण ऐकलेली असते, इथे भातावरून शिताची घेतात. जमातीचं वर्णन फाइलमध्ये आधीच ठरलेलं, पोरगा त्याच्याशी जुळला तर खरा. या चाचणीवर सगळं ठरवता येणार नाही, असं सुप्रीम कोर्टाने मार्च २०२३ मध्ये स्पष्ट केलं. तोवर माझ्या मित्राचा दावा फेटाळला गेला होता आणि तो हायकोर्टाच्या तारखा मोजत होता.

मागच्या दिवाळीत तो घरी आला, पिशवीत एक कागद घेऊन. आजोबांच्या शाळेच्या दाखलखारिज रजिस्टरातल्या पानाची नक्कल, स्वातंत्र्याच्या आधीची. ‘नीट स्कॅन करून दे बे, वकिलाला पाठवाची आहे.’ आजोबांचं नाव पुसट झालंय. जातीच्या रकान्यात ‘माना’ स्पष्ट वाचता येतं, पुढेमागे दुसरा शब्द नाही. मी फाइलच्या तीन कॉप्या तीन ठिकाणी ठेवल्या.